हाडांवर चाललेला खटला: गोव्याचा डॉक्टर गार्सिया द ऑर्ता

४ डिसेंबर १५८० ला जुन्या गोव्यात एका डॉक्टरची हाडं कबरीतून उकरून काढली आणि लोकांसमोर जाळली. डॉक्टर गेला होता १५६८ ला, म्हणजे बारा वर्षं तो जमिनीखाली निवांत पडून होता. बरं हा कुणी बेवारस वैदू नव्हता, गव्हर्नर आणि व्हाइसरॉय ज्याला नाडी दाखवायचे तो गोव्यातला नावाजलेला डॉक्टर, अहमदनगरच्या निजामशहाशी दोस्ती असलेला, आणि अख्खं मुंबई बेट ज्याच्याकडे भाड्याने होतं तो हा माणूस. गार्सिया द ऑर्ता.

आरोप काय, तर वरून ख्रिश्चन आणि आतून ज्यू.

आपल्याकडे वसाहतकाळातला डॉक्टर म्हटलं की ग्रँट मेडिकल, प्लेगची साथ, घोडागाडीतून उतरणारा गोरा सर्जन असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं. ही केस त्याच्या तीनेकशे वर्षं आधीची, इंग्रजांचा पत्ता नव्हता तेव्हाची. आणि मला त्यात हाडं जाळणाऱ्यांपेक्षा जास्त कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं आहे, की हा माणूस चौतीस वर्षं त्याच गोव्यात राहून वाचला कसा. कारण तो गेल्यावर दीड-दोन वर्षांच्या आत त्याच्या घरावर जे कोसळलं ते बघितलं की कळतं, धोका काही नंतर आला नव्हता, तो उंबऱ्यावर बसूनच होता.

थोडं मागचं सांगायला लागेल. ऑर्ताचे आईवडील मूळ स्पेनमधले ज्यू. १४९२ ला स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा हद्द ओलांडून पोर्तुगालात आले, तिथे १४९७ ला राजाने सगळ्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा करून टाकला. अशा लोकांना नाव पडलं ‘नवे ख्रिश्चन’, आणि नवे म्हणजे पिढ्यानपिढ्या नवेच, पणतू झाला तरी नवाच. त्यांच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागतो का, डुकराचं मांस टाळतात का, शनिवारी अंगावर स्वच्छ कपडे असतात का, यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा डोळा. गार्सिया जन्मला १५०१ च्या आसपास, सीमेजवळच्या कास्तेलो दे व्हिदे गावात. सालामांका आणि अल्काला इथे शिकला, गावी येऊन प्रॅक्टिस केली, मग लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागला. म्हणजे करिअर सेट. आणि मार्च १५३४ ला हा चालू नोकरी सोडून मार्तिम अफोन्सो द सोझा नावाच्या बड्या दर्यासारंगाचा खाजगी डॉक्टर म्हणून जहाजात बसतो आणि सप्टेंबरात गोव्याला उतरतो. दोनच वर्षांनी, १५३६ ला, पोर्तुगालात इन्क्विझिशन सुरू झालं, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय. वाऱ्याचा वास त्याला आधीच आला असणार, मला तरी यात योगायोग दिसत नाही.

पहिली काही वर्षं तो सोझाबरोबर मोहिमांवर फिरला, दीव, गुजरात, मलबार, सगळीकडे. १५३८ ला सोझा परत गेला, हा गोव्यातच राहिला. प्रॅक्टिस जोरात चालली. जोडीला मसाल्यांचा आणि रत्नांचा व्यापार, घराला बाग, बागेत औषधी झाडं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे ये-जा सुरू झाली, आणि ती नुसती फी घेऊन औषध देण्यापुरती नव्हती. ऑर्ता स्वतः सांगतो की शहाने त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली आणि त्याने शहाला लॅटिन. दरबारात हकीम जमायचे, जुना नामांकित हकीम इब्न सीना याचे दाखले निघायचे, यालाही ते सगळं वाचलेलं होतं त्यामुळे वाद रंगत असणार. विचार करा, युरोपात ज्याचं रक्त तपासलं जातं तो माणूस अहमदनगरात शिया सुलतानासमोर बसून औषधांवर गप्पा मारतोय आणि तिथे कुणाला त्याच्या आजोबांचा धर्म विचारायची गरज पडत नाहीये.

मुंबईचं प्रकरण तर आपल्या लोकांना माहीतच नसतं. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबईचं बेट त्याला भाडेपट्ट्याने दिलं. त्याच्या पुस्तकात आंब्यावरचं एक प्रकरण आहे, त्यात गप्पा चालू असताना दासी येऊन सांगते की मुंबईचा तुमचा कुळवाला सिमाँव तोस्कानो आलाय, गव्हर्नरला भेट द्यायला आंब्यांची टोपली घेऊन आलाय, होडी बांधून ठेवली की येतोच. साडेचारशे वर्षांपूर्वी मुंबईहून गोव्याला आंबे चाललेत, तेही साहेबाला खूश करायला! त्याच्या बेटावर म्हणे एक झाड वर्षातून दोनदा फळायचं. त्याच्या लिखाणात वसईकडचे शेत कसणारे कुणबी येतात, बागा करणारे माळी येतात, वसुली करणारे परभू येतात, पारशी येतात. घारापुरीची लेणी पण येतात. टोपली हा तपशील बारका वाटेल पण तो लक्षात ठेवा, गव्हर्नरला आंबे पाठवणं हे त्याच्या जगण्याचं एक कलम होतं.

आता त्याचं डॉक्टरपण जवळून बघू, कारण त्याशिवाय केस कळायची नाही.

त्याचं पुस्तक, औषधी वनस्पती आणि द्रव्यांवरचे संवाद, गोव्यात १० एप्रिल १५६३ ला छापून बाहेर पडलं. छापखाना गोव्यात येऊन जेमतेम सात वर्षं झालेली, छपाईच्या चुका रग्गड. रचना अशी की ऑर्ता आणि रुआनो नावाचा त्याचा एक जुना ओळखीचा डॉक्टर बोलतायत. रुआनो युरोपातून नुकताच आलाय, पुस्तकी किडा आहे, सारखं ‘पण गॅलन तर असं म्हणतो’ सुरू, गॅलन म्हणजे प्राचीन ग्रीक वैद्य. हा रुआनो काल्पनिक आहे.

तर सतरावा संवाद कॉलऱ्यावर. दोघं बोलत बसलेत आणि एका मोठ्या घरचा नोकर धावत येतो, मालकाच्या भावाला अचानक लागलंय, लगेच चला. ऑर्ता उठतो. पेशंटचं वर्णन आजच्या कुठल्याही इंटर्नला ओळखू येईल असं आहे: नाडी इतकी मंद की हाताला लागतच नाही, अंग गार, घामही गार, तरी पेशंट म्हणतो आत आग पेटलीय, तहान भागत नाही, डोळे खोल गेलेले, झोप नाही, उलट्या आणि जुलाब चालूच, ते थांबतात तेही ताकद संपली म्हणून, आणि पायात गोळे. दहा तासात माणूस गेलेला त्याने पाहिलाय, जास्तीत जास्त चार दिवस काढतो म्हणतो, मग लगेच प्रामाणिकपणे जोडतो की एक जण मात्र वीस दिवस टिकला होता, पण शेवटी गेलाच. आशियाई कॉलऱ्याचं एका युरोपियन डॉक्टरने छापलेलं हे पहिलं वर्णन मानतात.

आणि रोगाचं नाव काय लिहिलंय माहितीये? इथले लोक याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही पोर्तुगीज बिघडवून ‘मोर्देशी’ म्हणतो. मोर्शी म्हणजे आपली मोडशी! माझी आजी पोट बिघडलं की म्हणायची, ‘मोडशी झालीय, लंघन कर.’ पोर्तुगीजांच्या तोंडात बसून हा शब्द पुढे फ्रेंच-इंग्रजी डॉक्टरांपर्यंत गेला आणि कुठल्या कुठे पोचला.

रुआनो विचारतो, इथले वैद्य काय करतात? ऑर्ता नाक मुरडत नाही, सरळ सांगतो. मिरी आणि जिरं घालून तांदळाची कांजी पाजतात, पायाला डाग देतात, डोळ्यात मिरीची पूड टाकतात, गोळे आले तर डोक्याला आणि हातापायांना पट्टे आवळून बांधतात, पान खायला देतात. डोळ्यातली मिरी आपण सोडून देऊ, पण कांजी! शरीरातलं पाणी चाललंय तर पेज पाजा, यात तथ्य होतं हे आज ज्याने कुणी मुलाला जुलाबात पेज-मीठ पाजलंय त्याला वेगळं सांगायला नको. ऑर्ताची स्वतःची औषधं, बेझोआर (जनावराच्या पोटात सापडणारा खडा) वगैरे, त्यापुढे फिकीच वाटतात.

असे किती तुकडे काढावेत. एका घरातल्या बाईला धोतरा घातलेलं खायला देऊन दागिने पळवले, आणि ती बाई विचारलं की नुसती हसतेय आणि भलतंच बोलतेय, ते त्याने लिहून ठेवलंय. भिरंडाबद्दल लिहिलंय, म्हणजे आपला रातांबा, बाहेरून लालसर आतून रक्तासारखा आणि सणसणीत आंबट, सालं वाळवून व्हिनेगर करायला जहाजाने पोर्तुगालला नेतात म्हणून. (कोकमाच्या गणाचं नाव गार्सिनिया आहे म्हणून बरेच जण हा मान ऑर्ताला देऊन टाकतात, पण ते नाव गार्सां नावाच्या वेगळ्याच माणसावरून पडलंय.) आणि मध्येमध्ये एक आंतोनिया येते. ऑर्ताची दासी. अमुक फळ आण, तमुक पाला दाखव, की ती आणून दाखवते. पुस्तकात झाडपाला कितीतरी वेळा तिच्या हातातून येतो आणि तिच्याबद्दल आपल्याला नावापलीकडे काही मिळत नाही. ऑर्ता मोकळ्या मनाचा होता हे खरं, पण गुलाम बाळगणाऱ्या गावात त्याच्याही घरी तेच होतं, हे विसरून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही.

त्याच्या पुस्तकातलं एक वाक्य प्रसिद्ध आहे. रुआनो जुन्या ग्रंथांचे दाखले द्यायला लागतो तेव्हा ऑर्ता म्हणतो, मला डायोस्कोरिडिस आणि गॅलनची भीती घालू नका, मी सत्य आणि मला जे माहितीये तेवढंच बोलणार. आणि दुसरीकडे कबूल करतो की मी स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसतं विज्ञानाच्या कौतुकाने वाचलं. घरची हकीकत कळल्यावर ते वेगळंच ऐकू यायला लागलं. हा माणूस छापील पुस्तकात म्हणतोय की तिथे मी घाबरलो असतो, इथे नाही घाबरत. आणि हे लिहीत असताना तो इथेही घाबरलेलाच आहे, फक्त भीती गॅलनची नाहीये.

कारण तोपर्यंत गोव्यात काय काय झालं होतं ते बघा. १५४३ चं साल घ्या. त्या वर्षी गोव्यात मोडशीची मोठी साथ आली, माणसं पटापट गेली, गव्हर्नरने एका मृताचं शरीर उघडून बघायला लावलं तर पोट कोंबडीच्या पोटल्यासारखं आकसलेलं, बाकी काही सापडलं नाही. आणि त्याच वर्षी, त्याच गोव्यात, जेरोनिमो दियाश नावाच्या एका नव्या ख्रिश्चन डॉक्टरला पाखंडी ठरवून गळा आवळून मारला आणि मग जाळला. तोच धंदा, तीच जात म्हणा. आणि गव्हर्नर कोण? मार्तिम अफोन्सो द सोझा, ऑर्ताला ज्याने जहाजात आणलं तोच, आता गव्हर्नर होऊन परत आलेला. म्हणजे साहेबाची मर्जी असली तरी साहेब कुठवर साथ देतो हे ऑर्ताने तेव्हाच पाहिलं असणार.

पुढे १५४९ ला त्याची आई आणि बहिणी गोव्याला येऊन पोचल्या. त्यातल्या दोन बहिणी, कातारिना आणि इझाबेल, लिस्बनच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत राहून आलेल्या. आता घरात माणसं वाढली, सण आले, उपास आले, नोकरचाकरांचे डोळे आले. एकट्या माणसाला मनात ठेवता येतं, कुटुंबाला चूल ठेवावी लागते. आणि १५६० ला इन्क्विझिशन गोव्यातच येऊन बसलं, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, ज्याला लोक ‘व्हडलें घर’ म्हणायला लागले आणि नाव घेताना आवाज खाली करायला लागले.

आता १५६३ च्या त्या पुस्तकाचं पहिलं पान बघा. परवानगी देणाऱ्यांमध्ये व्हाइसरॉय तर आहेच, पण पुस्तक तपासून मंजूर केल्याचं म्हणून अलेशु दियश फालकाँव हे नाव आहे, गोव्याचा इन्क्विझिटर. वर लुईस द कामोंइशने, पोर्तुगीजांचा सगळ्यात मोठा कवी, तो तेव्हा गोव्यात होता, व्हाइसरॉयला उद्देशून कविता लिहून पुस्तकाची शिफारस केली, ही त्याची पहिली छापलेली कविता. एवढं कडं भोवती बांधून ऑर्ता उभा आहे. पुस्तकात जागोजागी नीट ख्रिश्चन वाक्यं पेरलीत. मी असं म्हणत नाही की पुस्तक नुसती ढाल होती, त्यात मजा घेऊन लिहिलंय ते पानोपानी दिसतं. पण ढाल पण होती.

मग तो वाचला कसा याचं माझं उत्तर अगदी साधं आहे. गोव्यात दर पावसाळ्यात गोरी माणसं माशांसारखी मरत होती. तापाने, जुलाबाने, मोडशीने. इथला रोग ओळखणारा, इथल्या वैद्याशी आणि हकिमाशी बोलू शकणारा, वर युरोपातली डिग्री असलेला डॉक्टर त्यांना दुसरा सहज मिळणार नव्हता. ज्याला रात्री दोन वाजता बोलवायचंय त्याला सकाळी कसं पकडणार. काही लोक म्हणतात की व्यापारातला पैसा आणि बायको ब्रियांदा द सोलिसच्या घराण्याची श्रीमंती याने तो वाचला. पटत नाही मला. पैसेवाल्यावर तर इन्क्विझिशन आधी टपायचं, मालमत्ता जप्त करता यायची ना. पैसा त्याला धोक्यात घालत होता, नाडीवरचा हात वाचवत होता.

आणि हे खरं असेल तर पुढचं गणित आपोआप सुटतं. १५६८ ला तो गेला. कामाचा माणूस संपला, आता घरात उरल्या नुसत्या नव्या ख्रिश्चन बायका. थोड्याच दिवसात कातारिनाला उचललं. घरच्याच माणसांच्या, तिच्या नवऱ्याच्याही, तोंडून बाहेर आलं की गार्सिया म्हणायचा मोशेचा धर्मच खरा. २५ ऑक्टोबर १५६९ ला कातारिनाला गोव्यात जाळलं. ज्या संस्थेने सहा वर्षांपूर्वी भावाच्या पुस्तकाला मंजुरी दिली त्याच संस्थेने.

नवऱ्यावर राग येतो वाचताना, पण व्हडल्या घरात खाली काय चालायचं ते माहीत असेल तर निवाडा करायला जीभ रेटत नाही. शिवाय मेलेल्या माणसावर ढकललं तर जिवंतांचं थोडं सुटेल असा हिशेबही असणार, मेलेल्याला काय होणार आहे. मेलेल्याचंही करता येतं हे १५८० ला दाखवून दिलं. माणूस नाही तर हाडं, पण निकाल अमलात आला पाहिजे.

तोपर्यंत पुस्तक मात्र त्यांच्या हातातून केव्हाच निसटलं होतं. क्लुसियस नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाला ते लिस्बनमध्ये १५६४ च्या सुमारास सापडलं, त्याने लॅटिनमध्ये संक्षेप करून १५६७ ला अँटवर्पला छापलं. त्यानंतर शेपन्नास वर्षं युरोपातल्या डॉक्टरांनी हिंग, हळद, भांग, वेलची, कापूर यांची माहिती घेतली ती मुख्यतः त्या लॅटिन पुस्तकातून. ज्याची हाडं जाळली त्याचं पुस्तक त्यांच्याच कॉलेजांमध्ये वाचलं जात होतं. लॅटिन करताना क्लुसियसने संवाद काढून टाकले, नुसती द्रव्यांची माहिती ठेवली. रुआनो गेला, आंब्याची टोपली गेली, आंतोनिया गेली.

आणि घरची हकीकत? ती जवळजवळ साडेतीनशे वर्षं कागदात गाडलेली. १८८६ ला काउंट फिकाल्यूने ऑर्ताचं मोठं चरित्र लिहिलं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, त्याच्या चरित्रात हा थोर पोर्तुगीज शास्त्रज्ञ आहे आणि बस. १९३४ ला ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्योने, तोही डॉक्टरच, इन्क्विझिशनची कागदपत्रं उपसून बहिणीचा खटला आणि हाडांची गोष्ट बाहेर काढली. गोव्यातली मूळ दप्तरं बरीचशी नष्ट झाली होती, लिस्बनमध्ये होतं त्यातून हे सापडलं.

१९७१ ला पोर्तुगालने २० एस्कुदोच्या नोटेवर ऑर्ताचा चेहरा छापला. लिस्बनजवळ आल्मादामध्ये त्याच्या नावाचं मोठं हॉस्पिटल आहे. पणजीला चर्चसमोर जी नगरपालिकेची बाग आहे ती पण त्याच्याच नावाची, लोक तिथे भेळ खात बसतात, पोरं पळतात. कातारिनाच्या नावाचं मला तिथे काही दिसलं नाही.